कोरडी रिंग

“मेकॅनिक कुठी हाय?”

“समोर उभी हाय,” मी म्हटलं. “चष्मा घरी राहिला का तुमचा?”

साकोलीत, हायवेच्या कडेला मी गाड्यांचे एसी दुरुस्त करते. बाबांचं दुकान, आता माझं. हा प्रश्न रोज कोणी ना कोणी विचारतो आणि रोज माझं डोकं फिरतं. पण या माणसानं चक्क कान पकडले... आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला.

त्याचं नाव अंकुश. सानगडीचा, शाळेत मास्तर. मागच्या सीटवर त्याची माय, पंचफुलाबाई, ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन डोळे मिटून बसली होती. मे महिन्याचं ऊन. आठवड्यातून दोनदा तो तिला डायलिसिससाठी भंडाऱ्याला न्यायचा.

“डॉक्टरनं पाणी बी मोजून देलं हाय,” तो हळूच म्हणाला. “दिवसात दोन गिलास. गाडी थंडी असली त तिले तहान कमी लागते. तीनदा गॅस भरला, आठ दिवसात उडते. तुमी बी भरून द्या ना, लवकर...”

“फुटक्या घागरीत पाणी भरता का तुमी? पहिले गळते कुठी ते पाहू.”

पंचफुलाबाईंना आत पंख्याखाली बसवलं. पाइपांत नायट्रोजन भरून सांध्यांवर साबणाचा फेस लावला. एका सांध्यावर बारीकसा बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. आतली रबरी रिंग गेली होती.

“घ्या, सापडला तुमचा चोर!”

“असे चोर माह्या वर्गात चाळीस हायेत,” तो म्हणाला. मला हसूच आलं.

नव्या रिंगेला आधी तेल लावायचं, मग सांधा आवळायचा. बाबांनी सगळ्यात आधी शिकवलेली गोष्ट ही. कोरडी रिंग आवळताना चिरते. त्या वेळी गॅस धरून ठेवते, पण पुढे हळूहळू सोडते. रिंग माझ्या बोटांत होती. तेवढ्यात मानेवरचं ऊन गेलं... वर पाहिलं तर अंकुश सरकून असा उभा राहिला होता की त्याची सावली माझ्यावर पडावी. स्वतः भर उन्हात.

“कायले उभे हाय तिथं? बसा ना मायजवळ.”

“तुमचे हात पोळून राहिले...”

माझ्या हातांकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं हो. मी त्याच्याकडे बघतच राहिले, आणि बघता बघता सांधा आवळला.

दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हलला नाही, म्हणजे गळती नव्हती. मी गॅस भरला, सोबत गळती दाखवणारा रंगही सोडला. जाताना पंचफुलाबाईंनी गार वाऱ्यापुढे तोंड धरलं, लहान पोरीसारखं. मला भरून आलं.

नऊ दिवसांनी भरदुपारी गाडी परत आली. अंकुश एकटाच होता.

“काल लाखनीजवळ एसी बंद पडला,” तो म्हणाला. “मायले भोवळ आली. लाखनीच्या दवाखान्यात भरती हाय. आता बरी हाय, पण... रस्त्यानं पाणी मांगत होती. मी देलं नाही.”

मी लगेच बॉनेट उघडलं. तो रंग अंधारातच दिसतो, म्हणून उघड्या बॉनेटवर ताडपत्री टाकली आणि दोघांनी तिच्याखाली डोकं घातलं. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला. मी निळी बॅटरी लावली. हिरवी चमक होती... मी आवळलेल्या सांध्यावरच. सांधा खोलला. रिंग चिरलेली, कोरडीठाक.

“दगड-गिगड लागला असन का?” त्यानंच विचारलं.

हो म्हटलं असतं तर संपलं होतं. त्याला काय कळणार होतं? दुकानाचं नाव राहिलं असतं, तोही येत राहिला असता. पण रस्त्यावर पाणी मागणारी ती बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

“नाही,” मी म्हटलं. “माही चूक हाय. रिंगेले तेल लावाचं राहिलं.”

“काहून?”

“तुमी सावली धरून उभे होते... मी तुमच्याकडे पाहत होती. तवापासून जीव जडला माहा तुमच्यावर. अन् तुमच्या मायच्या जीवावर बेतलं. आता काय बोलाचं ते बोला.”

तो बॉनेटपासून बाजूला झाला. मी तेल लावून नवी रिंग बसवली. एरवी अर्धा तास बघायचा तो काटा तासभर बघत बसले. तोही समोर काट्याकडे बघत बसून होता. निघताना म्हणाला, “ते जुनी रिंग द्या मले.”

मी दिली. चार लोकांना दाखवेल तर दाखवू दे, असं वाटलं.

पुढच्या सोमवारी गाडी दुकानासमोर थांबली आणि मागची काच खाली झाली. पंचफुलाबाई! हडकल्या होत्या, पण ताठ बसल्या होत्या. मी धावत जवळ गेले. त्यांनी माझा हात धरला आणि तळव्यावर ती चिरलेली रिंग ठेवली.

“हे खिशात घेऊन हिंडते हा. पॅन्ट धुवाले काढली त सापडली. इचारलं, तवा सारं सांगतलं यानं.”

पुढच्या सीटवर अंकुश कानापर्यंत लाल झाला होता.

“माफ करा, माय...”

“लय हाल झाले माहे. पण लपवलं असतं तू, त या दुकानाचं तोंड नसतं पाहिलं मी.” त्यांनी माझी मूठ रिंगेवर मिटवली. “आता याच्याकडं पाहाचं असन त खुशाल पाय. पण पहिले तेल लावत जाय, पोरी.”

मला रडू आवरेना.

“मी सावली धरीनच,” अंकुश आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला.