ओढीची रेघ

"शिवलीला, माझं तोंड दाखवू नकोस हं, नुसते हात दाखव," महादेवीनं धाकट्या जावेला बजावलं आणि भाकरी थापायला घेतली. सोलापूरच्या ह्या दोघी जावा ज्वारीची कडक भाकरी विकायच्या. शिवलीला त्याची चित्रफीत काढायची आणि लोक ती चष्म्यात बघायचे. फोन आता म्हाताऱ्यांच्या खिशातच उरले होते.

आपली फीत लोक कशी बघतात ते कळावं, म्हणून शिवलीलानं 'ओढमापक' घेतला होता. बघणाऱ्याची नजर कुठं रेंगाळली, नाडी कुठं वाढली, हे चष्मा टिपतो. ओढमापक त्यातली नावं गाळून सगळ्यांची मिळून एक रेघ काढतो. ओढ वाढली की रेघ चढते, आणि विचारलं तर तो बोलून सांगतो, एवढंच. नवशिक्याला एखादी गोष्ट फार सोपी वाटली, की खुशाल समजावं, पुढं खड्डा आहे.

पहिल्या फितीची रेघ एकाच जागी चढली. "कोमट पाण्यात मळ म्हटलं होतं, लक्ष कुठं असतं तुझं?" असं महादेवी खेकसली आणि शिवलीला फणकारली, तिथं.

"अक्का, लोकांना आपलं भांडण आवडतंय!"

"आवडणारच की. जावा भांडायला लागल्या, की शेजारणी चूल सोडून येतात," महादेवी हसत म्हणाली.

मग दोघी ठरवून भांडल्या. रेघ पार झोपली. ओढमापकानं सांगितलं, "खोटा राग बघणाऱ्यांना कळतो. खरा वाद ठेवा."

शिवलीलानं हे महादेवीला सांगितलं नाही. पुढच्या फितीत तिनं आपल्या लेकीचा, गौराचा विषय काढला. "तुम्हीच लाडावून ठेवलंय तिला."

"लेकरूच आहे गं ते."

"तुम्हाला स्वतःचं झालं असतं, तर कळलं असतं!"

महादेवीचा हात भाकरीवर थांबला. गौराला न्हाऊ-माखू घालून तिनंच वाढवली होती. लग्न होऊन आल्यापासून शिवलीलानं असं कधी तोंडातून काढलं नव्हतं. फितीतला तेवढा तुकडा कापता आला असता. बाईनं तो ठेवला!

रेघ अशी चढली, की यंव रे यंव. मागणीही वाढली. महादेवी रोज यायची, भाकऱ्या थापायची आणि न बोलता निघून जायची. गौराची वेणी घालणं तिनं बंद केलं. पोरगी कंगवा घेऊन तिच्या दारात उभी राहायची आणि परत यायची. शिवलीलाला ते बघवेना, तरी तिनं ओढमापकाला विचारलंच, "मागणी आणखी कशी वाढेल?"

"मागणी वाढवायची, की ओढ?"

"दोन्ही एकच ना?"

"नाही. तुम्ही आजवर फक्त ओढ विचारलीत."

त्यानं दोन रेघा वेगळ्या करून दाखवल्या. ज्यांनी भाकरी मागवली, ते थापणारे हात आणि भाकरी मोडल्याचा कट्ट आवाज इथंच रमले होते. भांडण सुरू व्हायच्या आत ते मागणी नोंदवून गेले होते. भांडणाला थांबलेल्यांनी काहीच मागवलं नव्हतं, फक्त तेवढा तुकडा ते पुन्हा पुन्हा बघत होते.

शिवलीलाला रडू फुटलं. ती तशीच महादेवीकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. "चुकलं माझं, अक्का. फीत काढून टाकली मी. पण लोकांनी उतरवून घेतलीय, ती आता हातात नाही राहिली."

महादेवीनं पिठाचे हात पुसले.

"म्हणजे भाकरी घेणाऱ्यांनी ते ऐकलंच नाही?"

"नाही."

"आणि ज्यांनी ऐकलं, ते अजून ऐकतायत?"

"हो."

"मग एवढं विचार तुझ्या त्या यंत्राला," महादेवी म्हणाली, "माझं ऐकून त्यांची नाडी वाढते, ती माझी कीव येते म्हणून, का मजा येते म्हणून?"