बाबांच्या पत्रातलं 'बघते'

अगं पोरींनो, हसू नका ना! आमची पहिली भेट झाली तेव्हा तो तिथे नव्हताच...

मी हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये कामाला होते. एक घड्याळजी काका आले, उजवं मनगट मोडलेलं. मुलाचं विमान शत्रूच्या हद्दीत पडलं, पण तो जिवंत आहे, कैदेत आहे, हे कळल्यावर आनंदानं जिना उतरायला धावले आणि घसरले! मी प्लास्टर घालतेय आणि हे हळहळतायत, "आता पोराला पत्र कोण लिहिणार?"

"मी लिहिते की, काका. तुम्ही सांगा."

झालं! दर शनिवारी त्यांच्या दुकानात काका बाकावर, मी स्टुलावर. शेजारणीच्या मांजरीला पिल्लं झाली, तुझे शर्ट मीच वापरतोय... ते सांगणार, मी लिहिणार. त्याची उत्तरंही मलाच मोठ्यानं वाचायला लावायचे. छावणीतल्या उकडलेल्या बटाट्यांवर तो असं काही लिहायचा की मला हसू आवरायचं नाही.

एकदा काका म्हणाले, "लिही, मी तुझी वाट बघतो." मी लिहिलं. उत्तर आलं —

"बाबा, तुम्ही 'वाट बघते' कधीपासून म्हणायला लागलात? की ही दुसरी कोणी आहे? असेल तर तिला सांगा, मीही बघतोय. पत्राची... म्हणजे, नुसती पत्राचीच नाही."

मी लालेलाल! काका खुदकन हसले. "पोरी, माझा हात अजून फार दुखतो हं."

प्लास्टर कधीच निघालं होतं! त्याच हातानं घड्याळं दुरुस्त करत होते!

मग काय, आमचंच सुरू. काकांना शेवटच्या ओळीत जागा.

"दिसतेस कशी?"

"येऊन बघ."

"फार भाव खातेस."

"खाणार. तू खा बटाटे."

आणि मग ते पत्र आलं. 'सुटेन की नाही, माहीत नाही. माझ्यासाठी थांबू नकोस.'

मी रडले नाही, भडकले! लिहिलं, 'थांबायचं की नाही ते मी ठरवणार.' त्यावर उत्तरच नाही. युद्ध संपलं, कैदी सुटले, तरी मला कळेना... त्याला मी हवीये की नको?

विमानतळाच्या फाटकावर ही गर्दी! काकांना आत सोडलं. मला शिपायानं अडवलं.

"फक्त घरचे. नातं काय तुमचं?"

काय सांगणार? पावसाची भुरभुर, आत बस थांबलेली... ढगळ कोटातला एक वाळलेला तरुण काकांना मिठी मारत होता, आणि त्यांच्या खांद्यावरून कुणाला तरी शोधत होता.

मी ओरडलेच, "होणारी बायको!"

अख्खी गर्दी वळली. तोही. लंगडत थेट फाटकाशी आला.

"मला न विचारताच?"

"आत्ता विचारते. करतोस लग्न?"

"शेवटचं पत्र मिळालं..." तो हळूच म्हणाला. "रागात अक्षर फार गोड येतं तुझं." मग शिपायाकडे वळला, "दादा, उघडा हो फाटक! बायको बाहेर भिजतेय माझी!"

फाटक उघडलं... आणि शिट्टी कोणी वाजवली असेल? त्या शिपायानं!