एक वाजताची ओल

"दुपारी एक ते दोन जमीन ओली, दोननंतर पुन्हा कोरडी. असं कुठं असतं का, ताई?" रामेश्वरनं आलेखाचा कागद वर्षाराणीपुढे सरकवला.

आष्टीजवळच्या रानात खांबावर बसवलेला तो छोटा डबा त्याच्या सहकारी आकांक्षानं बनवला होता. आकाशातून न्यूट्रॉन सतत येत असतात; जवळ पाणी असलं की ते अडतात. डब्यातली मोजणी घटली, की जमीन ओली समजायची.

दोन महिन्यांपूर्वी आकांक्षा तापानं गेली.

"परवा तपासणी," रामेश्वर म्हणाला. "पास झाला तर आमची संस्था डबा घेऊन जाईल, तिच्या नावानं असे शंभर बनतील. नाहीतर तिचं सगळं काम भंगारात."

खासगी तपास करणारी वर्षाराणी लगेच निघाली. मागोमाग तिचा मदतनीस भागवत, ज्याला गुन्हेगार नेहमी पहिल्या पाच मिनिटांत सापडतो आणि नेहमी चुकीचा.

खांबाखाली मातीचा नुसता फुफाटा होता. डब्याच्या तीन बाजूंवर धूळ, चौथी मात्र स्वच्छ.

शेजारच्या रानातला धर्मराज विचारताच उखडला. "मी कशाला पानी सोडू? आमच्या मोटारीला लाईट रातच्यालाच असती!"

लिंबाखाली आकांक्षाची आई, गोपिकाबाई बसल्या होत्या. फडक्यात दोघींपुरत्या भाकरी. "म्या कोन्ला पाह्यलं न्हाई. बाजाराच्या दिवशी आष्टीला जाते, बाकी रोज हितंच."

"धर्मराजच!" भागवत कुजबुजला.

"दिवसा मोटार बंद, माती कोरडी. मग पाणी आलं कुठून? रामेश्वर, आकांक्षा जेवायची किती वाजता?"

"एकला. इथंच, आईबरोबर."

वर्षाराणीचा आवाज खाली आला. "माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, भागवत. रोज एकला कुणीतरी डब्याला कवटाळून उभं राहतं. चौथी बाजू पदरानं पुसली जाते. फक्त बाजाराच्या दिवशी आलेख सरळ आहे."

गोपिकाबाईंनी मान खाली घातली. "उन्हानं तापल्यालं असतं ते. शेवटी तिचं अंग असंच व्हतं, बाई. म्या लेकीचं काम नासवलं का?"

"नाही मावशी. तुम्ही आलात, हे तिच्या यंत्राला रोज बरोबर कळलं."

भागवतला रडू आवरेना.

गोपिकाबाईंनी एवढंच विचारलं, "पास झालं तर नेनार ना?"

"हो."

दोन दिवस गोपिकाबाई लांबच्या बांधावर बसून राहिल्या. आलेख सरळ आला, डबा पास झाला.

रामेश्वरनं तो खांबावरून उतरवला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो क्षणभर उराशी धरला. मग फडक्यातल्या भाकरी बाजूला काढल्या, डबा त्यात नीट गुंडाळला आणि परत दिला.

"झाकून न्या. वाटंनं ऊन लागंल तिला."