सद्यस्थिती : वाळलेले

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत चारचाकी चौदा, जागा तेरा आणि झाड एक. सेक्रेटरी मी. चौदावी गाडीही माझीच.

झाड रानजायफळाचं. तळकोकणातल्या दलदलीत आता अशी मोजकीच उरलीत, असं पहिल्या मजल्यावरच्या सकीना बागवान मॅडम सांगत. त्या वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. रोप त्यांनीच आणलेलं. टाकीच्या ओव्हरफ्लोचं पाणी त्यांनी बावीस वर्षं त्याच्या बुंध्याशी वळवलं. पुढच्या आठवड्यात कोकणातून माणसं कलमं घ्यायला येणार होती.

तोडीच्या अर्जात 'झाडाची सद्यस्थिती' असा रकाना असतो. मी सुवाच्य अक्षरात 'वाळलेले' लिहिलं. पाहणीला कोणी येत नाही, हा माझा अनुभव.

तिसऱ्या दिवशी महापालिकेचे निरीक्षक हिंदुराव आले. झाडाला तांबूस पालवी फुटलेली. मी सबब जुळवू लागलो.

"पार कोळसा झालाय की ओ," ते वर बघत म्हणाले. "अजून उभं कसं हाय?"

पुण्यात राहून टोमणा ओळखता येतो. हा टोमणा नव्हता. त्यांनी अर्जावर सही केली. टोपीवर एक हिरवं पान पडलं, ते तसंच घेऊन गेले.

मी बायकोला, मंदाकिनीला, खिडकीतून झाड दाखवलं.

"काय बघू? खराटा?" ती म्हणाली.

संध्याकाळी मॅडम खाली आल्या. आता पकडलो गेलो, या विचाराने मला जवळजवळ बरं वाटलं. त्यांनी खोडावर हात ठेवला. बराच वेळ.

"परवापर्यंत बरं होतं हो," त्या म्हणाल्या. "फलकावर अर्ज वाचला, तेव्हा वाटलं तुम्ही खोटं लिहिलंत. माफ करा मला."

त्यांच्या पांढऱ्या केसांवर पानांची सावली हलत होती.

"कलमवाल्यांना येऊ नका म्हणून कळवते."

एकच वाक्य बोलायचं होतं. मॅडम, झाड जिवंत आहे.

"चालायचंच," मी म्हणालो.

शनिवारी करवत लागली. बुंध्यातून लाल चीक उडाला. कामगारांनी बाह्या झटकल्या, भुसा झटकावा तशा.

आता माझी गाडी तिथे असते. मे महिना आहे. बाकीच्यांच्या सीटा भाजतात. माझी गार.

रोज सकाळी मी पुढची काच झाडतो.

"स्वच्छ काचेवरून काय झाडता हो?" मंदाकिनीने विचारलं.

"धूळ," मी म्हणालो, आणि ओली पानं खिशात कोंबली.