कडीशेजारचा हिरवा चौकोन

"याच्या शर्टाला बटणं आहेत की बटणांना शर्ट?" बाबांनी विचारलं, तेव्हा तो अजून दुकानाच्या पायरीवरच होता.

आमच्या बाजाररस्त्यावरच्या जुन्या दुकानांचे दर्शनी भाग पूर्ववत करायचं काम त्याच्याकडे होतं. पत्रे उतरवायचे, रंगाचे थर खरवडायचे, खालचं लाकूड मोकळं करायचं. बाबांनी त्याचं नाव खरवड्या ठेवलं होतं. आमचं बटणांचं दुकान रांगेत शेवटचं, तरी तो दिवसाआड यायचाच.

"एक बटण हवं होतं," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

"कुठलं?"

"जे शोधायला वेळ लागेल ते."

मी खणाकडे वळले... हसू लपवायला तेवढीच जागा होती.

बाबा दाराच्या चौकटीला उरलेला हिरवा रंग देत होते.

"काका, महिन्याभरात मी हे सगळं खरवडणार. कशाला लावताय?"

"अरे, तुला खरवडायला काही नको का?" म्हणत त्यांनी रंग वाळला का बघायला कडीशेजारी अंगठा टेकवला. वाळला नव्हता. ठसा उमटला.

तो गेल्यावर ब्रश पुसता पुसता त्यांनी विचारलं, "आवडतो का गं तुला?"

"काहीतरीच काय, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत. अंगठा अजून हिरवाच होता.

दुकान पुन्हा उघडलं तेव्हा तो आला, पण बटण मागितलं नाही. "समोरच असतो," एवढंच म्हणाला. मग रोज दुपारी दोन चहा घेऊन येऊ लागला.

"सगळंच खरवडता," एकदा मी म्हणाले, "मग आधी काय होतं ते कळायचं कसं?"

"प्रत्येक दुकानावर शेवटच्या रंगाचा तळहाताएवढा चौकोन ठेवतो. साक्षीदार म्हणतो आम्ही त्याला. वर, पाटीच्या मागे. कुणाला दिसत नाही."

"मग उपयोग काय?"

"साक्षीदाराने मिरवायचं नसतं. असायचं."

वर... माझी नजर दाराकडे गेली. ठसा तर खाली होता, कडीपाशी.

सांगायला हवं होतं. पण काय सांगायचं, रंगाचा एक डाग राहू द्या? कामाला होकार बाबांनीच दिला होता. चपलांचं दुकान झालं, चष्म्यांचं झालं. शेजारी पात्याची खरखर सुरू झाली की माझ्या हातातून बटणं सांडायची. शिवाय आमचं दार झालं की हा दुसऱ्या गावी जाणार, ही धास्ती वेगळीच. दोन्ही धास्त्यांवर माझ्याकडे उपाय एकच — गप्प बसणं.

आमची पाळी आली त्या सकाळी माल आणायचं निमित्त काढून मी निघाले. अर्ध्या वाटेत पाय अडले. परत फिरले तेव्हा जवळजवळ धावतच होते. निदान आता तरी सांगावं म्हणून.

उशीर झाला होता. चौकट उघडी पडली होती, तपकिरी, अनोळखी.

कडीशेजारी मात्र तळहाताएवढा हिरवा चौकोन होता. मधोमध अंगठा.

"साक्षीदार वर असतो ना?" मी विचारलं.

"असतो," तो परांचीवरून म्हणाला. "पण तुम्ही रोज कुलूप काढायच्या आधी तिथे हात लावता. समोरून दिसायचं."

"तुमचं काम भिंतीकडे बघायचं."

"हो. पण बटणं मागायची सोय राहिली नव्हती." त्याने पातं बाजूला ठेवलं. "आता फक्त वरची पाटी राहिलीय. मग दुसऱ्या गावचं काम आहे. जाऊ की नको... अजून कळवलं नाही त्यांना."

मी चौकटीपाशी गेले. ठशावर माझा अंगठा ठेवला. तो लहान पडला.

"हो, बाबा," मी म्हणाले — वर परांचीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "आवडतो मला."