पंधरा मिनिटं सोड्याच्या पाण्यात

"सासूबाई दवाखान्यातून घरी आल्या आणि माझी बॅग दाराशी आली," सून म्हणाली. "द्राक्षं न धुता दिली, असा ठपका आहे. आज संध्याकाळी मला माहेरी धाडताहेत. परत आणतीलच असं नाही."

भिंगबाई तडक तिच्या घरी निघाल्या. फळं-भाज्या तपासायच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेली बाई. आता लोकांची भांडणं तपासत होती. शेजारचे मास्तर नेहमीप्रमाणे सोबत. मास्तरांच्या मते प्रकरण दोन ओळींचं होतं: धुतली असतील, नाहीतर नसतील.

ओट्यावर निळा टब होता. शेजारी सोड्याचा डबा आणि गजराचं घड्याळ.

"चमचाभर सोडा, पंधरा मिनिटं, मग नळाखाली चोळून," सून म्हणाली. "त्या दिवशीही तसंच. द्राक्षं मी, सासूबाई आणि हे, तिघांनीही खाल्ली."

"आणि आजारी?"

"एकट्या सासूबाईच. डॉक्टर म्हणाले, फवारणीचं औषध पोटात गेलंय."

सासूबाई पलंगावर होत्या. अंगातलं बळ गेलं होतं, जिभेतलं नाही. "काकडीला अंघोळ घालते मेली, पण लक्ष कुठे असतं कुणास ठाऊक!"

"सकाळी उठून काय घेता?" भिंगबाईंनी विचारलं.

"पित्त आहे मला. खिडकीतल्या कुंडीतला मूठभर पुदिना चावते."

"धुऊन?"

"अहो, घरचं आहे! घरचं कशाला धुवायचं? गेल्या आठवड्यात पानांवर कीड बसली होती. तीही गेली आपोआप. हातगुण लागतो."

मास्तर कुंडीकडे गेले. पुदिना हिरवागार, एक किडा नाही. खालच्या बशीत मुंग्या मरून पडलेल्या. 'ऊन लागलं असेल,' असं म्हणून ते परत फिरले.

सासूबाईंचा मुलगा आला. बियाणं-खतांच्या दुकानातला विक्रेता. शर्ट चुरगळलेला.

"इस्त्री रुसली वाटतं?" मास्तर म्हणाले.

"पाणी मारायची बाटली चार दिवस सापडत नाहीये," सून म्हणाली.

"हिला वस्तू जागेवर ठेवायचं वळण नाही," मुलगा म्हणाला.

भिंगबाईंनी पुदिन्याची दोन पानं खुडली आणि त्याच्यापुढे धरली. "घरचंच आहे. खा."

मुलाने हात मागे घेतला. मास्तरांच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला.

"द्राक्षं तिघांनी खाल्ली, पुदिना एकीनेच," भिंगबाई म्हणाल्या. "कीड हातगुणाने जात नाही, आणि गेलीच तर मुंग्यांना सोबत नेत नाही. औषध ह्यांच्या दुकानातलं. बाटली इस्त्रीची. ती ह्यांनी फेकून दिली, कारण त्यात काय भरलं होतं ते ह्यांनाच ठाऊक होतं."

"आईचं रोप वाचवायला मारलं," मुलगा पुटपुटला. "ती लगेच खाईल असं वाटलं नाही."

"चुकून मारलंत, ते समजलं. आई दवाखान्यात असताना डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

बायकोच्या डोक्यावर खापर फोडायला बोलावं लागत नाही, गप्प बसलं की पुरतं.

सासूबाईंनी कुंडीकडे पाठ केली. मग मुलाला म्हणाल्या, "ती बॅग आत ने."

"राहू दे," सून म्हणाली. तिने स्वतःच बॅग उचलली. "भरलीच आहे, तर आठ दिवस जाऊन येते. ह्यांनी मला न्यायला यायचं, आणि बाटलीचं काय झालं ते माझ्या आईसमोर सांगायचं."

दारातून ती वळली.

"भाजी टबात आहे. पंधरा मिनिटं. घड्याळ लावा."