न दिसलेल्या ताऱ्याची नोंद

दुरुस्त झालेली दुर्बीण द्यायला चष्मेवाला स्वतःच आला, आणि आईने बोटानेच दाखवलं — वर गच्चीवर. पोस्टात तिकिटं विकणारी लेक तिथे शाल गुंडाळून अंधार पडायची वाट बघत होती.

"एवढं काय बघता हिच्यातून?"

"एक लालसर तारा. वर्षभरात उजळतो, मंदावतो. शेजारच्या ठरलेल्या ताऱ्यांशी ताडून त्याचं तेज लिहायचं. आकडा जेवढा मोठा, तेवढा तारा मंद. बघा."

अंधार पडल्यावर त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली ती काढेचना.

"टक लावू नका. लाल तारा बघत राहिलं की उगाच जास्त उजळ वाटतो."

"ताऱ्यांचंच होतं का हो असं?" तो म्हणाला... आणि दुर्बीण तिच्या हाती देऊन भराभर जिना उतरला.

मग तो रोज येऊ लागला. आकडा त्याने कागदावर लिहायचा, तिने वहीत. मगच एकमेकांना दाखवायचा. "दुकानाला हल्ली लवकर कुलूप लागतं वाटतं," आई खालून म्हणायची.

तारा मात्र मंदावत चालला. सहा, सात, आठ... दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर गेला, की हा माणूस कशाला येईल? तिला घास गोड लागेना.

एका संध्याकाळी खूप शोधूनही तारा सापडेना. तिची पेन्सिल बराच वेळ अडली. शेवटी तिने लिहिलं — दिसला नाही.

त्याच्या कागदावर होतं — नऊ.

"कुठे आहे?"

"त्या दोन ताऱ्यांच्या... मधे."

"तिथे काही नाहीये." ती म्हणाली. "चार वर्षांत एक खोटा आकडा लिहिला नाही मी. आज तर लिहावासा वाटत होता, तरी नाही. तुम्ही का लिहिलात?"

तो दुर्बिणीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला.

"दिसला नाही म्हटलं असतं, तर उद्या कुठल्या तोंडाने जिना चढलो असतो?"

त्याच्या नऊवर तिने आडवी रेघ मारली, आणि ताऱ्यांच्या नकाशांचं पान उलटलं.

"हा दुसरा तारा. खरं म्हणजे दोघं आहेत, एकमेकांभोवती फिरतात. एक दुसऱ्याच्या आड गेला की उजेड कमी. दर तीन दिवसांनी."

"आणि मधले दोन दिवस मी काय करू?"

"माझ्या बाबांना भेटा," ती हसू दाबत म्हणाली. "त्यांना मात्र दिसतंय तेच सांगा."